विरोधात कोणी नाही

"पूजेच्या गाडीची झडती घ्यायची म्हणतीस व्हय तू?" मामंजींनी हातातला तांब्या खाली असा आपटला की पाणी माझ्या पायावर उडालं.

"पूजेची असू दे, न्हाईतर लग्नाची असू दे," मी म्हटलं. "आत जाताना बघायची आणि भायेर येताना पण बघायची. संपात गाडी ती गाडी."

"आगं, हार-फुलं येणार, मांडवाचं सामान येणार. त्यात काय बघणार तू? झेंडू उचकटून?"

कंपनीच्या गेटसमोर आमचा मांडव होता. मांडव कसला, चार बांबू आणि वर निळी ताडपत्री. संप श्रावणात सुरू झाला होता आणि आता नवरात्र सरत आलं होतं. उद्या खंडेनवमी. मामंजी म्हणजे माझे सासरे, दत्तू मगदूम. टूलरूमचे जुने फिटर आणि युनियनचे सेक्रेटरी. सगळी कंपनी त्यांना मगदूममामा म्हणायची. चारचौघांत सासऱ्याला उलटं बोलणारी सून आमच्या गावात तेव्हा मी एकटीच असेन. पण गेटवर मी सून म्हणून बसलेली नव्हतेच.

मी का बसले होते ते आधी सांगते. माझा नवरा सर्जेराव याच कंपनीत प्रेस शॉपला पर्मनंट होता. क्रेनची साखळी तुटली आणि तो खाली सापडला. तेराव्याला साहेब लोक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, त्याच्या जागेवर सुनेला घेतो. घेतलं की! कंत्राटदाराच्या कार्डावर, रोजंदारीनं, दर अकरा महिन्यांनी ब्रेक. रजा नाही, बोनस नाही, आजारी पडलं तर खाडा. ज्या शेडमध्ये तो गेला त्याच शेडमध्ये मी आठ वर्षं छोट्या प्रेसवर पत्रा दाबत होते आणि कागदावर मी कंपनीची कोणीच नव्हते. माझ्यासारख्या वीस-बावीस बायका होत्या. या संपात पहिल्यांदाच मागणी लिहिली गेली की कंत्राटी बायकांना पर्मनंट करा. मला दुसरं काहीच नको होतं. मला माझ्या नवऱ्याची जागा हवी होती, खरीखुरी, माझ्या नावानं.

आणि ती मिळेल असं वाटायचं, कारण डाय आत होत्या.

डाय म्हणजे साचा. पोलादी, दोन दोन म्हशींच्या वजनाचा. डाय लावल्याशिवाय प्रेस म्हणजे नुसता आडदांड गडी, वर-खाली होईल पण एक पार्ट काढणार नाही. एका मोठ्या मोटार कंपनीचं काम आमच्या डायवर निघायचं. मालकाला ते काम दुसरीकडं करून घ्यायचं तर डाय हव्यात, आणि डायरूमचं कुलूप आमचं. किल्ली मामंजींच्या करगोट्याला. संप सुरू झाला त्या दिवशीच त्यांनी स्वतः कुलूप घातलं आणि म्हणाले, "जोवर ह्या आत, तोवर मालकाची मान आपल्या हातात." तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता!

आता तेच म्हणत होते, उद्या गेट उघडायचं.

"बापूसाहेबांनी मालकाशी बोलणं केलंय," मामंजी म्हणाले. "एक दिवस संप बाजूला. आपण आत जाऊन पूजा करायची, परत भायेर येऊन बसायचं. एकोणीस वर्षं मी त्या प्रेसला हार घातलाय. यंदा ती तशीच ठेवू? मशीन म्हणजे लक्ष्मी हाय, मालन. तिचा काय संप हाय व्हय आपल्याशी?"

बापूसाहेब म्हणजे आमचे आमदार. संप सुरू झाल्यावर त्यांना युनियनचे अध्यक्ष केलं होतं. त्यावरूनही आमच्यात ठिणगी पडली होतीच. मामंजींचं म्हणणं, आमदार पाठीशी नसता तर पोलिसांनी पहिल्याच दिवशी मांडव उखडला असता. मी म्हणायची, आमदार पाठीशी आहे म्हणूनच दोन महिने झाले तरी मालक आपल्याला बोलवत नाही, कारण त्याला बोलायला दुसरा माणूस मिळालाय.

"चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या," आमची नसीमा मुल्लाणी मागनं बोलली. नसीमा माझ्या शेजारच्या प्रेसवर होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"ए बाई, तोंड सांभाळून," मामंजी म्हणाले. "मोठा माणूस हाय तो."

"मोठा हायच की. गाडीत मावत न्हाई."

बायका हसल्या. मामंजी नाही हसले. मला म्हणाले, "झडती-बिडती काय न्हाई. बापूसाहेबांच्या शब्दाचा अपमान करायचा न्हाई. तुझं काम बसायचं हाय, बस."

बसले. माझं काम बसायचं होतं ना!

खरं तर ते बरोबर बोलले होते. आमचं काम तेवढंच होतं. पुरुष आळीपाळीनं यायचे, कोणी शेतावर जायचा, कोणी दुसरीकडं रोजंदारी शोधायचा. बायका मात्र पहिल्या दिवसापासून उन्हात बसलेल्या. डबे आम्ही आणायचो, चुलाण आम्ही पेटवायचो, पोलीस आले की पुढं आम्हाला बसवायचे, कारण बायकांवर लाठी उचलत नाहीत. पण आमच्यापैकी कोणालाच युनियनचं मेंबर केलं नव्हतं. बापूसाहेब म्हणाले होते, "ताई, कंत्राटी कामगारांना मेंबर करायचं म्हणजे कायद्याची भानगड हाय. एकदा करार होऊ दे, मग सगळ्यांना एकदमच करू." आम्ही टाळ्या वाजवल्या. कायद्याची भानगड काय ते कोणी विचारलं नाही. मला तेव्हा मेंबरकीचं काय पडलं होतं? मला जागा हवी होती.

खंडेनवमीला सकाळी गेट उघडलं आणि आम्ही आत गेलो.

खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. दोन महिने बंद शेड. प्रेसवर धूळ बसलेली, कबुतरांनी घाण केलेली. पोरं धावली आणि झाडू-फडकी घेऊन भिडली. कोण प्रेस पुसतोय, कोण जळमटं काढतोय. मी सर्जेरावाच्या प्रेसला हात लावून उभी राहिले. तिथं आता दुसराच माणूस काम करायचा. त्यानं मला जागा करून दिली.

आमच्या कंपनीत एक रीत होती. इतर कारखान्यांत मशीनला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात, झालं. आमच्याकडं डायचीही पूजा व्हायची. मामंजींनीच सुरू केलेली रीत ती. त्यांचं म्हणणं, मशीन नुसतं अंग, डाय म्हणजे हात. म्हणून खंडेनवमीला सगळ्या डाय डायरूममधून काढायच्या, रॉकेलनं धुवायच्या, तेल लावायचं आणि शेडच्या मोठ्या शटरसमोर लाल कापडावर ओळीनं मांडायच्या. हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. नाहीतर वर्षभरात कोणाचा तरी हात जातो, असं म्हणायचे. सर्जेराव गेला त्या वर्षी एका शिकाऊ पोरानं दसऱ्याआधी डाय हलवली होती, असं मामंजी मानायचे. साखळी जुनी होती, साहेबांनी बदलली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बापाचं मन. त्याला मी काही बोलायची नाही.

तर मामंजींनी किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. पोरांनी साखळीच्या क्रेननं एकेक डाय बाहेर आणली. बायकांनी कुंकू लावलं, मी पण लावलं. बापूसाहेब आले, मालकाच्या वतीनं खटावकर साहेब आले. खटावकर कंपनीचे मॅनेजर, दोन महिने आमच्याकडं काचेआडनं बघणारे. त्या दिवशी टिळा लावून घेतला आणि मला म्हणाले, "कसं काय मालनबाई, बरं आहे ना?" माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण सण होता. पटांगणात मोठा मांडव घातला होता, खुर्च्या, गाद्या, लाउडस्पीकर. एक दिवसाच्या पूजेला एवढा मांडव कशाला, हे मी नसीमाला विचारलं. ती म्हणाली, "आमदार उन्हात उभा राहिला तर वितळंल."

संध्याकाळी सगळे बाहेर निघाले. मी मामंजींना गाठलं.

"डाय आत घालून कुलूप लावा, मामंजी."

ते माझ्याकडं असे बघायला लागले जसं मी देव गटारात टाकायला सांगितलाय.

"पूजा झालेली डाय? उद्या सोनं लुटायच्या आधी? तुला म्हाईत न्हाई? तुझ्या नवऱ्याचं काय झालं ते विसरलीस?"

"तेवढा एकच दिवस. मी सगळं पाप माझ्या माथ्यावर घेते."

"गप्प बस!" ते ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गेटवर आपणच हाय का न्हाई? इथनं काय उडून जाणार हायत व्हय?"

आणि ते डायरूमकडं गेले आणि कुलूप लावून आले. रिकाम्या खोलीला. सवय होती. किल्ली पुन्हा करगोट्याला.

दसऱ्याला बापूसाहेबांच्या बंगल्यावर सगळ्या कामगारांना जेवण होतं. पुरणपोळी, कटाची आमटी. पुरुष नवे कपडे घालून गेले. बायकांना बोलावणं नव्हतं, म्हणजे होतं, पण "गेटवर कोणीतरी पायजे ना" असं मामंजी म्हणाले. आम्ही बसलो. चार-पाच पोरं सोबतीला होती. आत सकाळपासनं खडखड, दणदण चाललेली. मांडव सोडतायत म्हणाले.

दुपारी मांडववाल्याचा ट्रक बाहेर आला. वर बांबू, वर कापडाचे गठ्ठे, दोरानं आवळून बांधलेला. गेटातून वळला आणि मागचं चाक गटाराच्या कडेच्या मऊ मातीत रुतलं. ड्रायव्हरनं रेस दिली, चाक जागच्या जागी फिरलं आणि चिखल उडवला. आमची पोरं भली. सणाचा दिवस, बिचारा अडकलाय, म्हणून उठली आणि मागनं खांदे लावले. "हय्या! हय्या!" ट्रक तसूभर हलेना. नसीमा आणि आणखी दोघी उठल्या, त्यांनीही हात लावला.

मी पण उठले. पण माझी नजर चाकाकडं गेली. माझा भाऊ उसाचा ट्रक चालवायचा, त्यामुळं भरलेली गाडी कशी दिसते ते मी लहानपणापासून बघितलेलं. मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबून सपाट झाले होते. बांबू आणि कापडाला पाटे एवढे दबतात?

"थांबा," मी म्हटलं. "ढकलू नका."

"काय झालं गं?"

"थांबा म्हणते ना!"

मी साडी खोचली आणि फाळक्यावर पाय देऊन वर चढले. ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला, "ए बाई, उतर, उतर खाली." मी दोर सुटेना म्हणून कोयत्यानं कापला. चुलाणासाठी लाकडं तोडायला तो कोयता मांडवात असायचा, एका पोरानं तो वर दिला. एक गठ्ठा ओढला, दुसरा ओढला. खाली लाल कापड दिसलं. ते उचललं, तर झेंडूची माळ. आणि माळेखाली आमची डाय. माझ्याच हातानं लावलेलं कुंकू तिच्यावर तसंच होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली हे आपण उगीच म्हणतो. मला ती जाताना कळली. मी वरनंच ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही, पण बायकांनी बोंब मारली आणि सगळ्या ट्रकसमोर जाऊन बसल्या. नसीमानं केबिनमध्ये हात घालून किल्ली काढली आणि कमरेला खोचली. "काढ आता हितनं," ड्रायव्हरला म्हणाली, "ये, काढ!" तो कसला काढतोय! तो लांब जाऊन बिडी ओढत बसला.

एका पोराला मोटारसायकलवर बंगल्याकडं पिटाळलं. अर्ध्या तासात सगळे आले. पानं खाऊन तोंडं लाल झालेली. मामंजी पुढं. ते ट्रकवर चढले, वयाला न शोभेल असे सरसर चढले, आणि त्या डायवर हात ठेवला.

"शिवलं कुणी?" ते म्हणाले. "सोनं लुटायच्या आधी शिवलं कुणी?"

मला वाटलं, आता झालं. आता हा म्हातारा कोणाला सोडत नाही. गर्दी पण खवळली होती. गजानन चौगुले, आमचा क्रेनवाला, शर्टाच्या बाह्या वर करून म्हणाला, "ट्रक पेटवूया, मर्दा." मी म्हटलं, पेटवायचं काही नाही, डाय उतरवा, आत घाला, आता कुलूप लावा, आणि मग मालकाला म्हणावं ये बोलायला. कारण आता त्याची चोरी पकडली होती. एवढी चांगली संधी आमच्या हातात दोन महिन्यांत कधी आली नव्हती. मी जिंकले होते. खरंच सांगते, दहा मिनिटं मी जिंकले होते.

मग बापूसाहेबांची गाडी आली.

ते उतरले, गर्दीकडं बघून हात जोडले. घाई नाही, गडबड नाही. ट्रककडं बघून त्यांना धक्का बसला नाही. त्यांनी विचारलंसुद्धा नाही की यात काय आहे. हे माझ्या लक्षात आलं आणि मी मामंजींकडं बघितलं, तर ते खाली मान घालून उतरत होते. बापूसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, कमिटीच्या चार-पाच जणांना बाजूला घेतलं. बाभळीखाली बोलणं झालं. आम्ही ट्रकसमोर बसूनच होतो.

मग बापूसाहेब एका खुर्चीवर उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "सणाच्या दिवशी गोड बातमी सांगतो. मालक आज, आत्ता, करारावर सही करायला तयार हाय. पर्मनंट कामगारांना पगारवाढ, मागच्या दोन महिन्यांचा निम्मा पगार, बोनस. सस्पेंड केलेले सगळे परत कामावर. उद्या भोंगा वाजणार."

टाळ्या. शिट्ट्या.

"आणि बायका?" मी बसल्या जागेवरनं विचारलं.

"सांगतो ताई, तुमचंच सांगतो. तुमचा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात. माझा शब्द हाय. पण मालकाची एक अडचण हाय. मोटार कंपनीचा माल थकलाय, तेवढा दुसरीकडं काढून घ्यायचा, म्हणून या डाय थोड्या दिवसांसाठी जातायत. परत येणार. गाडीला वाट द्या, की सही झालीच समजा."

"डाय गेल्या की आमचं काय उरलं?" नसीमा ओरडली. "कशाच्या जोरावर दुसरा टप्पा?"

"माझ्या जोरावर," बापूसाहेब म्हणाले आणि हसले. "युनियन लोकशाहीनं चालते, ताई. सभा इथंच घेऊ. मगदूममामा, सेक्रेटरी तुम्ही. मतं घ्या. करार मंजूर असलेल्यांनी हात वर करा."

हात वर झाले. आधी थोडे, मग इकडं-तिकडं बघत आणखी. आमच्या चुलाणावर दोन महिने जेवलेले हात. ट्रक पेटवू म्हणणाऱ्या गजानन चौगुलेचा हात तर खांद्यातून निखळेल एवढा वर. मामंजी बोट फिरवत मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी वहीत लिहिलं नाही की काही नाही, नुसते उभे राहिले.

"आता विरोधात कोण?" बापूसाहेबांनी विचारलं. "मामा, विचारा की."

"विरोधात कोण?" मामंजी म्हणाले.

मी हात वर केला. उभी राहून केला, बसून नाही. नसीमानं केला. मागनं एकेक करून सगळ्या उठल्या आणि बावीस बायकांचे हात वर झाले, बांगड्यांचे, चिखलाचे, एकीच्या कडेवर पोर होतं तिचाही. आम्ही मामंजींच्या समोर होतो, मध्ये फक्त ट्रकचं नाक. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताकडं बघितलं, वरपर्यंत, बोटांपर्यंत. कोणीही म्हणू नये की म्हाताऱ्याला दिसलं नाही.

"ताई, तुम्ही मेंबर न्हाई ओ," बापूसाहेब गोड आवाजात म्हणाले. "मामा, मेंबरांचंच मोजायचं."

मामंजींनी हातातली वही मिटली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"विरोधात कोणी नाही."

मला पहिल्यांदा रडू नाही आलं, हसू आलं. वेड्यासारखं. दोन महिने मी गेटवर होते आणि मी कोणी नव्हते. माझा नवरा त्या शेडमध्ये मेला आणि मी कोणी नव्हते. मालकानं म्हटलं असतं तर समजू शकलं असतं. मालकानं म्हटलंच होतं, आठ वर्षं म्हणत होता. हे आमच्याच माणसानं म्हटलं.

"किल्ली द्या, ताई," बापूसाहेबांनी नसीमापुढं हात केला.

नसीमानं कमरेची किल्ली काढली, तिच्याकडं एकदा बघितलं आणि लांब गटारात भिरकावली. मग बघण्यासारखं होतं! नव्या कपड्यांतली पाच-सहा माणसं गटारात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होती. गजाननला सापडली. त्यानं ती स्वतःच्या नव्या पँटला पुसून ड्रायव्हरला दिली. आम्ही समोर बसून होतो, तर आमच्याच माणसांनी आम्हाला बखोटीला धरून उचललं. "उठा वैनी, उठा, उगं तमाशा नको." मग त्याच माणसांनी ट्रकला मागनं खांदे लावले. या वेळी पुष्कळ होते. ट्रक निघाला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. दुसरा टप्पा आला नाही. दिवाळीआधी कंत्राटदार बदलला आणि नव्याच्या यादीत आमच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं. डाय परत आल्या नाहीत. त्या बापूसाहेबांच्या मेहुण्यानं दुसऱ्या जिल्ह्यात टाकलेल्या शेडमध्ये चालतायत, असं कळलं. दीड वर्षात आमचं प्रेस शॉप बंद झालं आणि त्या दिवशी हात वर केलेल्या सगळ्यांना एकेक पाकीट देऊन घरी पाठवलं. तेव्हा गजानन माझ्या दारात आला होता, आपण कोर्टात जाऊ म्हणाला. मी म्हटलं, गजाभाऊ, तुमचे हात वर झाले की आम्हाला बखोटीला धरून उठवतात, हे शिकलोय आम्ही. जावा तुम्ही. तो गेला. आणि बापूसाहेब? ते पुन्हा निवडून आले. कामगारांचे कैवारी म्हणून गावात कमान लागली होती. मी आता साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथं बायकांची वेगळी युनियन आहे आणि मी तिची मेंबर आहे, पहिल्या दिवसापासून. मेंबर केल्याशिवाय मी गेटवर उन्हात पाऊल टाकत नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलं.

मी घरी आले, अंगावरचा चिखल धुतला. गल्लीत सोनं लुटायची धांदल. पोरंसोरं आपट्याची पानं घेऊन दारोदार फिरत होती, वडीलधाऱ्यांच्या पाया पडत होती. मी चूल पेटवली नव्हती. दिवा पण लावला नव्हता. मामंजी बऱ्याच वेळानं आले. पारावर बसले होते म्हणे. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. हातात आपट्याची एक डहाळी.

दरवर्षी मी त्यांना सोनं द्यायची आणि वाकायची. त्यांनी वाट बघितली. मी उठले, दाराशी गेले आणि तशीच उभी राहिले.

मग त्यांनीच हात पुढं केला.

"मालन, सणाचा दिवस हाय. सोनं घे."

मी हात पदराखालीच ठेवले.

"सेक्रेटरी हाय मी. मोजायचं काम दिलं, मोजलं. नियमच तसा हाय. मेंबर न्हाई त्याचं मत..."

"माझा हात दिसला होता का तुमास्नी?"

ते डहाळीकडं बघायला लागले.

"मामंजी, मी विचारतेय. दिसला होता का न्हाई?"

"दिसला," ते म्हणाले.

"कुणाच्या जागेवरचा हात होता तो?"

त्यांनी मान खाली घातली. रागानं माझा आवाज चिरकला, मला त्याची लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. मी म्हटलं, "सर्जेरावांच्या जागेवरचा. तुमच्या पोराच्या. आणि तुमी सगळ्या गावासमोर म्हणालात, कोणी न्हाई."

"घे गं पोरी," ते म्हणाले. "सोनं तरी घे."

"सोनं पर्मनंट माणसांनी लुटायचं, मामंजी," मी म्हटलं. "आमी कंत्राटी."

आणि मी दार लावून घेतलं, आतनं कडी घातली. घर त्यांचंच होतं. तरी त्यांनी दार वाजवलं नाही.